संध्याकाळचे फुगे

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सर गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून कॉलेजात आले, की आम्हाला कळायचं, उत्तर ध्रुवावर काहीतरी झालंय. इकडे नवीन पनवेलला पंखा बंद करायची सोय नसायची. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला काळजीने विचारायचा, "मास्तर, ताप आहे का?" सर म्हणायचे, "मला नाय, ध्रुवाला हाय. आपल्याकडं थंडी पडलीय," आणि बोट वर करायचे. तो बिचारा वाकून रिक्षाच्या टपाकडे बघायचा.

सरांचं ते ‘वर’ तीस किलोमीटरवर होतं. ते काय प्रकरण आहे ते मी आधीच सरळ सांगून टाकते, कारण त्याशिवाय सर कळणार नाहीत आणि मला जे सांगायचंय तेही कळणार नाही. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती, खूप उंचावर, वाऱ्याचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. आतली हवा सहा महिन्यांच्या अंधारात निवत गेलेली असते. मग एखाद्या वर्षी खालून, डोंगररांगांवरून आणि खंडांवरून उठलेल्या अवाढव्य लाटा वर चढतात, विरळ हवेत जाऊन फुटतात आणि भोवऱ्याला अडवतात. भोवरा अडखळतो, कधी चक्क उलटा फिरतो. ध्रुवावरची हवा खाली दबते, आणि दबली की तापते. चार-पाच दिवसांत चाळीस-पन्नास अंश. तिकडे हवा उतरली म्हणजे कुठेतरी ती चढायला हवी. ती आपल्या बाजूला चढते, चढली की पसरते आणि पसरली की निवते. फार नाही, एखादा अंश.

तो एखादा अंश म्हणजे आमच्या सरांचं आयुष्य.

सर मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे, कोळ्याच्या घरातले. वडील मासेमारीच्या होडीवर. सर घरातले पहिले पदवीधर, आणि माझ्या माहितीत तरी, अख्ख्या मोरा बंदरात ध्रुवावरच्या हवेची चौकशी करणारे एकटेच. वर्गात ते छापील मराठी बोलायचे. पण विषय रंगला की छापील मराठी गळून पडायची आणि ‘हाय’, ‘नाय’, ‘आमी’, ‘पानी’ सुरू व्हायचं. मी जुन्या पनवेलची. आमच्या घरात तसं बोललं तर आई डोळे वटारायची. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर लक्षात आलं, सर मोऱ्याच्या बोलीत शिरले की पेन हातात घ्यायचं. खरं शिकवणं तिथून पुढे होतं.

फळ्यावर तारखेशेजारी ते त्या दिवसाची भरतीची वेळ लिहायचे. पदार्थविज्ञानाच्या वर्गात, जिथून समुद्र दिसतही नाही तिथे, भरतीची वेळ. प्राचार्यांनी एकदा हटकलं तेव्हा सर म्हणाले, "तारीख माणसांनी ठरवलेली असते सर. ही तशी नाही." त्यानंतर कोणी हटकलं नाही.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना ते सायकलचा पंप घेऊन दाखवायचे. पुढचं भोक एकाला बोटाने बंद करायला लावून स्वतः दांडा दाबायचे. मुलगा म्हणायचा, सर, चटका बसतोय. "उष्णता कोणी दिली? सूर्याने? शेगडीने?" कोणी नाही सर, नुसतं दाबलंय. मग सर वर्गाकडे असे बघायचे जणू तो शोध त्या मुलाने आत्ताच लावलाय. "तापवायला इस्तव लागतो असं समजू नका," म्हणायचे. "नुसत्या ढकलाढकलीनं बी तापतं."

आणि निवायचं कसं, ते पेजेवरून. गरम पेज ताटलीत ओतली की साय लगेच निवते, तळ मात्र तोंड भाजतो. वरच्या थरातली हवा आपली उष्णता दोन-चार दिवसांत आकाशात सोडून मोकळी होते, खालच्या थराला आठवडे लागतात. "ढकलणं लाटंचं काम, निववणं किरणांचं. लाट उतावळी, किरण सोशिक." ही वाक्यं मी पुढे वीस वर्षं माझ्या वर्गात वापरली. कुणाची आहेत ते दर वेळी सांगितलं.

एका शब्दावर त्यांचा राग होता. या घटनेच्या शास्त्रीय नावातच ‘अचानक’ आहे. सर तो शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मी एकदा निबंधात लिहिला तर लाल शाईने गोल करून समासात लिहिलं, ‘कुणासाठी?’ मी विचारायला गेले. म्हणाले, "लाट दहा दिवस अगोदर निघालेली असती बाय. जो बघत नव्हता त्याला अचानक."

मला ते सुरुवातीपासून ‘बाय’च म्हणायचे. आमच्या घरी मला ताई म्हणत. मला बाय जास्त आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी न सांगितलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. आता मुद्द्याची सांगते.

मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि आमचं काम असं चालायचं. देशातल्या ठराविक हवामान केंद्रांवरून रोज दोनदा तापमापक बांधलेले फुगे सोडतात, एक पहाटे आणि एक संध्याकाळी. त्यांचे आकडे आम्ही मागवायचो आणि सर ते आलेख कागदावर पेन्सिलीने मांडायचे. संगणक होता, पण पहिली नजर हाताने टाकायची हा नियम. यात एक मेख असते. पहाटेचा फुगा अंधारात चढतो. संध्याकाळचा मावळतीच्या उन्हात चढतो, तापमापकाला ऊन लागतं आणि तो हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. तेवढा फरक कोष्टक बघून वजा करायचा असतो. आम्ही त्याला उन्हाची दुरुस्ती म्हणायचो. ती करणं माझं काम. लाटांचं गणित सरांचं. ऊन माझ्याकडे, लाटा त्यांच्याकडे, अशी वाटणी होती आणि सर दुसऱ्याच्या वाट्यात हात घालत नसत.

त्या वर्षी जानेवारीत ध्रुव जोरात तापला. सरांनी मफलर गुंडाळला. आकडे आले तेव्हा आमच्या डोक्यावरची हवा इतकी निवलेली दिसली की सर खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले आणि उगाच बाहेर बघत राहिले. कोणी एवढं निवणं आपल्याकडे दाखवलं नव्हतं. त्यांनी घाईघाईत निबंध लिहिला. आयुष्यात घाई केली ती तेव्हाच. पुण्याला परिसंवाद होता, तिथे तो वाचला. मी मागच्या रांगेत होते.

वाचून झाल्यावर एक गृहस्थ उभे राहिले. शांत, अभ्यासू माणूस. त्यांनी निबंधाला जोडलेली आमचीच आकडेवारी पहाटेची आणि संध्याकाळची अशी वेगवेगळी करून बघितली होती. म्हणाले, पहाटे जेमतेम निम्मं निवणं दिसतंय, बाकीचं सगळं संध्याकाळचं आहे. "पनवेलचं आकाश फक्त संध्याकाळी निवतं का?" सभागृह हसलं. ते हसणं वाईट नव्हतं, पण हसणं होतं.

सर दोन्ही हात टेबलावर ठेवून उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, सगळे नेतात. सर म्हणाले, "मला ठाऊक नाही. ठाऊक होईपर्यंत हा निबंध मी परत घेतो." आणि कागद गोळा करून खाली आले. त्या क्षणाचा मला आजही अभिमान वाटतो, पण तो मी कुणाजवळ बोलून दाखवत नाही. कारण पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी विभागात जाऊन आकड्यांचे मूळ कागद काढले. जानेवारीपासून त्यांचा नमुना बदलला होता. तळाला बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, उन्हाची दुरुस्ती यात आधीच केलेली आहे. मी ती कोष्टक बघून पुन्हा केली होती. संध्याकाळचा प्रत्येक आकडा मी एकदा जास्तीचा थंड केला होता. सरांनी हिरिरीने मांडलेलं निवणं निम्मं ध्रुवाचं होतं, निम्मं माझं.

दहा वाजता सर आले. जिन्यातच भेटले. हातात एसटीचं तिकीट तसंच होतं. म्हणाले, "बाय, उन्हाची दुरुस्ती लावली होतीस ना नीट?"

मी म्हणाले, "हो सर, लावली होती."

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला कित्येक वर्षं बजावलं. लावली होतीच. पुढच्या महिन्यात कायम नोकरीची मुलाखत होती, प्रबंध टायपिंगला जायचा होता. मी घाबरले होते. पण घाबरलेला माणूस दोन दिवसांनी तरी तोंड उघडतो. मी उघडलं नाही. उलट प्रबंधात फक्त पहाटेचे फुगे घेतले आणि सरांना सांगितलं, तुम्हाला संध्याकाळचं कोडं सुटेपर्यंत तेवढे बाजूला ठेवते. सर म्हणाले, "शहाणी हाय पोर." प्रबंधाचं कौतुक झालं. मला नोकरी लागली. पुढे सरांची विभागातली खोलीही मलाच मिळाली.

आणि सर कोडं सोडवत बसले.

त्यांनी मला परत विचारलं नाही. विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, म्हणजे तो दरवाजा बंद. ऊन निर्दोष ठरलं, तेव्हा उरल्या लाटा. पहाटे एक, संध्याकाळी दुसरं, असं रोज बदलणारं काय असतं? मोऱ्याच्या माणसाला हे विचारावं लागतं का? भरती. समुद्रासारखी हवेलाही भरती असते, सूर्याच्या तापण्याने रोज वर-खाली होणारी, आणि ध्रुव तापला की ती बदलते हेही खरं आहे. सर त्या भरतीच्या मागे लागले. निवृत्त झाले, नवीन पनवेलची खोली सोडून मोऱ्याला गेले, तिथेही मी दुरुस्त केलेले तेच आकडे घेऊन बसले. सहा वर्षं. मी दर दिवाळीला फराळ घेऊन जायचे. ते भरतीचं गणित दाखवायचे. मी मान हलवायचे. गणित सुंदर होतं, हेच तर भयंकर होतं.

सातव्या वर्षी त्यांचा फोन आला. सापडलं म्हणाले. निबंध लिहून तयार आहे, त्याच परिसंवादात वाचतो, त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहिलंय. एकदा डोळ्यांखालून घाल.

फोन ठेवल्यावर मला कळलं की आता गप्प बसणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा त्याच माणसांसमोर उभं करणं. आणि या वेळी ते परत काय घेणार? पहिल्या वेळी त्यांनी निबंध देऊन नाव राखलं होतं. या वेळी नावच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून उरणची बस धरली. मोऱ्याला घराच्या ओटीवर काकू, सरांच्या पत्नी, वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गो बाय. तुझ्या सरांना आता खालची भरती कलत नाय, वरचीच कलते. काल पानी पार भिंतीला लागलं, बोंबील भिजले, हे आपले आत बसून पेन्सिल फिरवतान." आतून सर म्हणाले, "भिजले तं भिजले. तुला काय, भरती काय मी आणली?" काकू म्हणाल्या, "सहा वर्सं दुसरं काय आणलं घरात?"

मी आत जाऊन बसले. सरांनी लांबलचक आलेख जमिनीवर पसरला. वर पहाटेची रेघ, खाली संध्याकाळची, मधली फट हिरव्या पेन्सिलीने भरलेली. ती हिरवी फट म्हणजे त्यांची भरती. ते बोलायला लागले तसं मी म्हटलं, सर, थांबा. आणि मी पिशवीतून आणलेला तो मूळ कागद पुढे केला. तळाची ओळ दाखवली. मी म्हणाले, जुने कागद आवरताना परवा सापडला. दुरुस्ती दोनदा झालीय. माझ्या हातून.

‘परवा’ म्हणाले मी. एवढं धैर्य करून आले आणि तिथेही एक कपाट बंदच ठेवलं.

सरांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खोडरबर उचललं. "संध्याकाळचे फुगे एकेक वाच," म्हणाले. मी दुसरी वजाबाकी काढून आकडे सांगत गेले, ते ठिपके वर सरकवत गेले. दुपारचे तीन वाजले. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली. संध्याकाळची रेघ वर येत येत पहाटेच्या रेघेला जाऊन चिकटली. हिरव्या रंगाला जागा उरली नाही.

सरांनी फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, काकू पाणी घेऊन धावल्या. "सहा वर्सं," म्हणाले, "सहा वर्सं हिच्या चुकीला मी भरती समजत होतो. मोऱ्याचा मानूस. भरतीच दिसनार." काकूंना काही कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, त्यांचा संशय बरोबर होता.

नंतर हसू थांबलं. सरांनी एक बोट दोन्ही रेघांवरून फिरवलं, ध्रुव तापल्याच्या दिवसापर्यंत नेलं. तिथे दोघी मिळून किंचित खाली वाकल्या होत्या. आम्ही मिरवलं होतं त्याच्या निम्म्याने. पण पहाटेही आणि संध्याकाळीही. "थोडं हाय," म्हणाले. "पन खरं हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुला विचारलं होतं मी, बाय."

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. भरतीचा निबंध दोन तुकडे करून काकूंना चुलीसाठी दिला आणि म्हणाले, परिसंवादाला नवीन टिपण न्यायचं. चूक काय झाली, ती काढून काय उरलं. वाचायचं तू. चूक ज्याच्या वाट्याची, त्याने सांगायची.

पुण्याला तेच सभागृह होतं. सर पहिल्या रांगेत बसले, शेजारच्या खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी. मी वाचलं. नमुना बदलला होता, तळाची ओळ मी वाचली नाही, दुरुस्ती दोनदा केली, निबंध त्यामुळे चुकला, सरांच्या गणितात काही खोट नव्हती. हे शेवटचं वाक्य मी सरांच्या मसुद्यात नसताना वाचलं. मग उरलेलं निवणं दाखवलं.

ते गृहस्थ उभे राहिले. केस पांढरे झाले होते. फार अदबीने म्हणाले की निष्कर्ष त्यांना पटतो, आणि चूक अशी उघड मांडणं त्यांनी क्वचित बघितलंय. मला वाटलं, सुटले. मग सहज, नोंदीसाठी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?"

‘अलीकडे’ म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. सरांनाही. सर माझ्याकडे बघत होते, वहीत टिपण घ्यायला पेन्सिल धरून, आपल्या विद्यार्थिनीवर खूश असलेला माणूस बघतो तसे. सहा वर्षं त्या माणसाने हिरवी पेन्सिल झिजवली होती, आणि मी ती झिजताना बघितली होती.

मी म्हणाले, "तुम्ही प्रश्न विचारलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सरांनी मला त्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं नाही. प्रबंधात मात्र माझे आकडे जपले."

सभागृहात कोणी हसलं नाही. गृहस्थ हळूच खाली बसले. सरांची पेन्सिल थांबली. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी पायऱ्या उतरले. कुठे जायचं ते कळेना. मागचं दार सरळ समोर होतं.

सरांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

मी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढचा वक्ता बोलायला लागला, पडद्यावर लाटांचं एक चित्र उमटलं. सरांनी वही माझ्या मांडीवर सरकवली, वर पेन्सिल ठेवली.

"लिव," म्हणाले.